कोर्टाची नोटीस ई-मेलवर आली आहे. उत्तर द्यावे का?

प्रिय ताई,

मी न्यू जर्सीत राहते. २०२० साली माझी आई गावी वारली आणि विमाने बंद असल्यामुळे मला जाता आले नाही. त्यानंतर कित्येक महिने मला रात्रीची झोप नव्हती. घरात कोणालाही न सांगता मी मोबाइलवर समुपदेशनाचे एक अ‍ॅप घेतले. सुरुवातीलाच त्याने पुष्कळ प्रश्न विचारले: गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटले, पूर्वी कधी उपचार घेतले आहेत का, जगणे नकोसे वाटते का. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात बसून मी सगळ्यांची खरी उत्तरे दिली. काही दिवसांतच फेसबुकवर मला निद्रानाश आणि नैराश्य यांवरच्या उपचारांच्या जाहिराती दिसू लागल्या. तेव्हा तो योगायोग वाटला.

गेल्या आठवड्यात एक ई-मेल आला. त्या अ‍ॅपने वापरकर्त्यांची माहिती जाहिरात कंपन्यांना दिली असा क्लास अ‍ॅक्शन, म्हणजे सर्वांच्या वतीने एकत्र लावलेला, दावा कॅलिफोर्नियातील फेडरल कोर्टात आहे, त्यात तडजोड झाली आहे आणि अमुक तारखेपर्यंत अर्ज करावा, असे त्यात लिहिले आहे. तारखेला आता १९ दिवस उरले आहेत. हा ई-मेल खरा आहे का? अर्ज भरला तर माझे नाव बाहेर येईल का? आमच्या ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित आहे, त्यावर परिणाम होईल का? आजारपणाचे पैसे घेणे मनाला पटत नाही, म्हणून काहीच करू नये असे वाटते. तो ई-मेल यजमान आणि मी, दोघेही वापरतो त्या खात्यावर आला आहे, ही आणखी एक धास्ती.

आपली,
एक वाचक

*

सर्वात आधी तुमच्या आईविषयी. आपल्या माणसाचे अंत्यदर्शन न होणे हे दुःख किती खोल असते, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळते, आणि त्या काळात तुम्ही मदत शोधलीत यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. समोर बरे करणारा कोणी आहे या भरवशावर तुम्ही त्या प्रश्नांची खरी उत्तरे दिलीत. तो भरवसा मोडला गेला, असे हा दावा म्हणतो. तेव्हा तुम्हाला मिळू पाहणारी रक्कम आजारपणाची नाही, हे पत्राच्या आरंभीच नोंदवून ठेवते.

आता थेट उत्तरे. नोटीस खरी ठरली तर अर्ज जरूर भरा. अर्ज भरल्याने तुमचे नाव चारचौघांत जात नाही. ग्रीन कार्डाशी त्याचा संबंध नाही. आणि काहीच केले नाही की आपण या प्रकरणापासून दूर राहिलो, असे तुम्हाला वाटते आहे, ते मात्र बरोबर नाही. या एका गैरसमजापायी अनेकजणी हक्क गमावतात, म्हणून त्याविषयी मी पुढे सविस्तर लिहिते आहे.

खरेपणाची शंका रास्त आहे, कारण अशा नोटिशींच्या आडून फसवणूकही चालते. ई-मेलमधल्या लिंकवर क्लिक करू नका. खऱ्या नोटिशीत खटल्याचे पूर्ण नाव, न्यायालयाचे नाव आणि खटला क्रमांक असतो, आणि ही न्यायालयाच्या परवानगीने पाठवलेली नोटीस आहे, वकिलाची जाहिरात नाही, अशा अर्थाचे वाक्य बहुधा अगदी वरच असते. तो क्रमांक कागदावर उतरवून घ्या. अमेरिकेतील फेडरल न्यायालयांच्या नोंदी ‘पेसर’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. तिथे पानाला १० सेंट आणि एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर आकार आहे, आणि तीन महिन्यांतला एकूण खर्च ३० डॉलरपर्यंतच राहिला तर तोही माफ होतो. तिथे तडजोडीला प्राथमिक मंजुरी देणारा न्यायाधीशांचा आदेश शोधा. तो सापडला की नोटीस खरी असल्याचे निश्चित होते. त्यातच तडजोडीचे काम पाहणाऱ्या प्रशासकाचे नाव आणि वादींच्या वकिलांचे तपशील मिळतील. या वकिलांना न्यायालयाने तुमच्यासकट सर्व सदस्यांच्या वतीने नेमलेले असते. त्यांच्या कार्यालयात फोन करून प्रश्न विचारण्याचे पैसे पडत नाहीत, तेव्हा संकोच करू नका. खरी नोटीस कधीही तुमच्याकडून शुल्क मागत नाही, बँकेचा पासवर्ड विचारत नाही आणि ओटीपी मागत नाही. यांतले एक जरी मागितले गेले, तरी तिथेच थांबा.

त्या जाहिराती तुम्हाला योगायोग वाटल्या, म्हणून माहिती नेमकी कशी जाते ते थोडे सांगते. अ‍ॅप तयार करताना कंपन्या दुसऱ्या कंपन्यांच्या तयार सॉफ्टवेअरचे तुकडे त्यात बसवतात. किती लोकांनी अ‍ॅप उघडले, कोणत्या जाहिरातीवरून आले, पैसे भरण्याआधी कुठे थांबले, हे मोजायला ते उपयोगी पडतात. वेबसाइटवर हेच काम पिक्सेल करतो, म्हणजे पानात दडवलेला, डोळ्यांना न दिसणारा छोटासा कोड. तुम्ही एखादे बटण दाबले की त्याची नोंद होते आणि ती त्या दुसऱ्या कंपनीकडे जाते. आता मासिक पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ या अ‍ॅपचे उदाहरण घ्या. ग्राहकांचे हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या तक्रारीत अशा नोंदींची नावे दिलेली आहेत, आणि त्यांतले एक नाव होते ‘आर प्रेग्नन्सी वीक चोझन’, म्हणजे गरोदरपणाचा आठवडा निवडला. एका बाईने घरात अजून कोणाला सांगितलेले नसेल अशी गोष्ट त्या चार शब्दांत पुरती सांगून झाली, मग पुढे कोणतेही वर्णन पाठवण्याची गरजच उरली नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने हा प्रकार उजेडात आणला, आणि २०२१ साली कमिशनने फ्लोशी तडजोड करून वापरकर्त्यांना कळवण्याचे आणि बाहेर गेलेली माहिती नष्ट करायला संबंधितांना सांगण्याचे बंधन घातले.

तुमच्या अनुभवाला त्याहून जवळचे प्रकरण ‘बेटरहेल्प’ या समुपदेशन सेवेचे आहे. तुमच्या पत्रात अ‍ॅपचे नाव नाही आणि मी तर्क करत नाही. हे प्रकरण सार्वजनिक नोंदीत आहे म्हणून सांगते. कमिशनच्या तक्रारीनुसार, माहिती गोपनीय राहील असे सांगून लोकांकडून प्रश्नावली भरून घेतली जात होती, आणि २०१७ साली आजीमाजी अशा जवळजवळ २० लाख वापरकर्त्यांचे ई-मेल पत्ते फेसबुकला पुरवले गेले, जेणेकरून आपल्या फेसबुकवरच्या मित्रांना ही सेवा सुचवा, अशा जाहिराती त्यांना दाखवता याव्यात. पत्ते सांकेतिक रूपात बदललेले होते. पण त्या संकेतामागची व्यक्ती आपल्या यादीत आहे का, हे फेसबुकला जुळवता येत होते, आणि पाठवण्याचा हेतूही तोच होता. उपचार घेणाऱ्यांच्या यादीत आपला पत्ता असणे, एवढ्यानेच मनाची अवस्था उघड होते. मार्च २०२३ मध्ये कमिशनने ७८ लाख डॉलरची तडजोड जाहीर केली, आणि २०२४ मध्ये ती रक्कम सुमारे ८ लाख ग्राहकांना परत करण्याचे काम सुरू झाले. भागाकार केला तर माणशी दहा डॉलरही होत नाहीत.

तुम्ही पत्रात विचारलेले नाही, पण मनात असेल: आरोग्याची माहिती जपणारा ‘हिपा’ कायदा असताना हे घडलेच कसे? १९९६ चा हिपा कायदा मुख्यतः रुग्णालये, डॉक्टर, विमा योजना आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्था यांना बांधतो. तुम्ही स्वतः मोबाइलवर उतरवून घेतलेले अ‍ॅप पुष्कळदा त्याच्या कक्षेबाहेर राहते. शिवाय तो कायदा मोडला गेला तरी सामान्य माणसाला त्याखाली स्वतः दावा लावता येत नाही, सरकारकडे तक्रार करता येते एवढेच. २००९ साली फेडरल ट्रेड कमिशनने आरोग्यविषयक माहिती फुटल्यास कळवण्याचा एक वेगळा नियम केला, पण तो पहिल्यांदा वापरला गेला तो थेट २०२३ मध्ये, औषधांवर सवलत मिळवून देणाऱ्या ‘गुडआरएक्स’च्या प्रकरणात, आणि तिथे दंड ठरला १५ लाख डॉलर. चौदा वर्षे एक नियम पुस्तकात पडून राहावा, याचा मला आजही राग येतो, कारण या अ‍ॅपांचा प्रसार नेमका त्याच वर्षांत झाला.

ही पोकळी वकिलांनी राज्यांच्या कायद्यांतून भरून काढली. कॅलिफोर्नियाचा खासगीपणाच्या भंगाविरुद्धचा कायदा १९६७ चा आहे, म्हणजे टेलिफोनवरील संभाषण चोरून ऐकणाऱ्यांना आळा घालण्यासाठी केलेला, आणि त्यात प्रत्येक भंगामागे ५,००० डॉलर भरपाई मागता येते. फ्लोच्या वापरकर्त्यांनी २०२१ मध्ये लावलेला दावा याच कायद्यावर उभा राहिला. बाई आणि अ‍ॅप यांच्यातले प्रश्नोत्तर हे खासगी संभाषण, आणि मध्ये बसवलेला कोड हा ते चोरून ऐकणारा, असा तो युक्तिवाद होता. फ्लो आणि गूगल यांनी मिळून ५ कोटी ६० लाख डॉलर देण्याचे मान्य केले, त्यांतले ४ कोटी ८० लाख गूगलचे. फेसबुकची मालक कंपनी मेटा शेवटपर्यंत लढली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील ज्यूरीने तिच्याविरुद्ध निकाल दिला. मेटाने हे आरोप नाकारलेले आहेत, हेही सांगायला हवे. पण अशा प्रकरणांत बहुतेक कंपन्या खटला ज्यूरीपर्यंत जाऊच देत नाहीत, म्हणून काही सामान्य नागरिकांनी सगळा पुरावा ऐकून वापरकर्त्या स्त्रियांच्या बाजूने कौल देणे ही मोठी गोष्ट आहे. कायदेही हळूहळू बदलत आहेत. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये मानसिक आरोग्याच्या डिजिटल सेवांना आपल्या वैद्यकीय गोपनीयतेच्या कायद्याखाली आणले, आणि वॉशिंग्टन राज्याने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यात ग्राहकाला स्वतः दावा लावण्याची वाट ठेवली.

आता तो गैरसमज. इतर दाव्यांत तुम्ही स्वतः सही केल्याशिवाय वादी होत नाही. क्लास अ‍ॅक्शनचे तसे नाही. भरपाईच्या अशा दाव्यांत, फेडरल नियम २३ प्रमाणे, न्यायालयाने ठरवलेल्या व्याख्येत जो जो बसतो तो तो आपोआप त्या वर्गाचा, म्हणजे ‘क्लास’चा, सदस्य असतो, आणि बाहेर पडायचे असेल तर तसे मुदतीत लिहून कळवावे लागते. म्हणजे तुम्ही आजही त्या दाव्यात आहात. न्यायाधीशांनी तडजोडीला अंतिम मंजुरी दिली की ती तुमच्यावर बंधनकारक होते: याच कारणावरून त्या कंपनीवर पुन्हा दावा करण्याचा तुमचा हक्क संपतो. अर्ज भरणारीचाही संपतो आणि न भरणारीचाही संपतो. भरणारीच्या हातात काही पडते आणि न भरणारीच्या हातात काही पडत नाही, इतकाच फरक. गप्प बसणे हाही इथे निर्णय आहे, आणि तो कंपनीच्या सोयीचा आहे.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या टपालात एक पोस्टकार्ड आले होते, दुमडून चिकटवलेले, बाहेर बारकोड आणि एक लांबलचक क्रमांक. तपासण्यांचे अहवाल पाहण्यासाठी मी ज्या संकेतस्थळावर जात असे, त्याच्याशी ते संबंधित होते. मी ते फर्निचरच्या जाहिरातींबरोबर कचऱ्यात टाकले. पुढे एका मैत्रिणीने तिच्या घरी तेच कार्ड फ्रिजवर लावलेले दाखवले, तेव्हा मुदत टळून तीन महिने झाले होते. पैशांचे मला तितके वाटले नाही. माझ्या तपासण्यांविषयी माझी हरकत काय आहे हे विचारण्यासाठी ते कार्ड माझ्या दारात आले होते, आणि मी ते उघडूनही पाहिले नाही, ही गोष्ट मनाला लागून राहिली. तेव्हापासून अशी प्रत्येक नोटीस मी एका ठरावीक क्रमाने वाचते: आधी वर्गाची व्याख्या आणि तिच्यातल्या तारखा, मग मुदती, आणि मग तुम्ही कोणते हक्क सोडता आहात ते सांगणारा परिच्छेद. रक्कम सर्वात शेवटी. तुम्हीही याच क्रमाने वाचा, आणि तुम्ही अ‍ॅप वापरले तो काळ त्या व्याख्येतल्या तारखांत बसतो का ते पाहा.

नाव बाहेर येण्याची भीती मला पूर्ण समजते. आपल्या समाजात मनाच्या दुखण्याविषयी अजूनही दबक्या आवाजात बोलतात, आणि एका गावातली चार घरे परदेशात एकाच उपनगरात राहतात तेव्हा बातमी पसरायला वेळ लागत नाही. तेव्हा इथे नीट लक्ष द्या, कारण जे सर्वसाधारणपणे समजले जाते त्याच्या उलट वस्तुस्थिती आहे. भरपाईचा अर्ज प्रशासकाकडे जातो. तो न्यायालयाच्या खुल्या नोंदीत लावला जात नाही, आणि वर्गातील सदस्यांची यादी कोणी प्रसिद्ध करत नाही. खुल्या नोंदीत असतात ती दावा लावणाऱ्या प्रातिनिधिक वादींची नावे, आणि अशा नाजूक विषयांत त्यांनाही कधी कधी ‘जेन डो’ अशा टोपणनावाने पुढे येऊ दिले जाते. मात्र तडजोड अपुरी आहे अशी हरकत तुम्ही न्यायालयाला लिहून कळवली, तर ते पत्र नावासकट नोंदीत जाते आणि कोणालाही वाचता येते. वर्गातून बाहेर पडणाऱ्यांची नावेही बहुधा यादी करून न्यायालयाला सादर केली जातात. थोडक्यात, गोपनीयता हीच तुमची पहिली गरज असेल, तर अर्ज भरणे हा हरकत घेण्यापेक्षा आणि बाहेर पडण्यापेक्षाही अधिक झाकलेला मार्ग आहे. अर्जात सहसा नाव, पत्ता, ई-मेल आणि पैसे कोणत्या मार्गाने हवेत एवढेच विचारतात. तुम्ही प्रश्नावलीत काय उत्तरे दिलीत, निदान काय झाले, हे पुन्हा सांगावे लागत नाही.

ग्रीन कार्डाविषयी निर्धास्त राहा. हा दिवाणी दावा आहे, तुमच्यावर कोणताही आरोप नाही, आणि वर्गाची व्याख्या अ‍ॅप कोणी व केव्हा वापरले यावर ठरते, नागरिकत्वावर ठरत नाही. व्हिसावर राहणाऱ्या माणसाचा खासगीपणा कायद्याच्या दृष्टीने कमी किमतीचा नाही. भरपाईचे पैसे म्हणजे नोकरीही नव्हे. आरोग्य विम्याचीही काळजी नको, कारण २०१४ पासून विमा कंपन्यांना जुन्या आजाराच्या कारणावरून विमा नाकारता येत नाही किंवा हप्ता वाढवता येत नाही. आयुर्विम्याला तो नियम लागू नाही, पण तिथेही तुम्ही हा अर्ज भरल्याची वर्दी कोणी देत नाही.

आता पैसे. तडजोडीचा आकडा वाचून मोठी आशा धरू नका. समजा, एकूण रक्कम १ कोटी डॉलर आहे. कॅलिफोर्निया ज्यात येते त्या ‘नववे सर्किट’ या फेडरल अपील न्यायालयाच्या विभागात वकिलांच्या मोबदल्यासाठी २५ टक्के हे प्रमाण आधारभूत मानतात, म्हणजे २५ लाख गेले. नोटिशी पाठवणे, अर्ज तपासणे आणि प्रातिनिधिक वादींना थोडा मोबदला यांत समजा आणखी १० लाख गेले. उरलेले ६५ लाख अर्ज करणाऱ्यांत वाटले जातात; २ लाख ६० हजार जणांनी अर्ज केला, तर प्रत्येकाच्या वाट्याला २५ डॉलर. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. पण अर्ज करणारे नेहमीच थोडे असतात, हे मात्र खरे: फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये अशा तडजोडींचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा अर्जांचे मध्यक प्रमाण अवघे ९ टक्के निघाले.

एवढ्याशा रकमेसाठी हे सगळे कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात येणार, आणि आजारपणाचे पैसे घेतल्यासारखे वाटते हे तुम्ही लिहिलेच आहे. माझे मत स्पष्ट आहे. तुमच्या रात्री दोन वाजताच्या उत्तरांचे पैसे कोणीतरी आधीच केले आहेत. एका अनोळखी कार्यालयात, तुम्हाला न विचारता, त्या उत्तरांच्या आधारावर जाहिरातीची जागा विकली गेली असा दाव्याचा आरोप आहे, आणि तुम्हाला दिसलेल्या जाहिराती त्याला जुळतात. तेव्हा लाज वाटायची असेल तर ती कोणाला वाटावी? अर्ज भरून तुम्ही दुःखाचा बाजार मांडत नाही. ज्यांनी मांडला असे म्हटले जाते, त्यांच्याकडून पावती मागता आहात. ते २५ डॉलर घरात नको असतील तर हव्या त्या संस्थेला देऊन टाका, पण ते कोणाला द्यायचे हे तुम्ही ठरवा. तडजोड म्हणजे गुन्ह्याची कबुली नसते, कंपनी तसे लिहूनच घेते, आणि म्हणूनच तुमच्यासारख्या किती जणींनी अर्ज केला हा आकडा न्यायाधीशांसमोर येणे मला महत्त्वाचे वाटते.

बाहेर पडून स्वतंत्र दावा लावण्याचा पर्याय तुमच्यासाठी मी सुचवणार नाही. ज्या स्त्रीची माहिती फुटल्यामुळे नोकरी गेली किंवा घर मोडले, तिने तो विचार जरूर करावा आणि मुदतीच्या आत वकिलाला गाठावे. सामूहिक दावा चालू असतो तोवर सदस्यांच्या वैयक्तिक दाव्याची कालमर्यादा थांबलेली असते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच सांगितले आहे. पण बाहेर पडताच ते घड्याळ पुन्हा चालू होते. शिवाय अ‍ॅप उघडताना आपण न वाचता ज्या अटी मान्य केल्या, त्यांत लवादाचे कलम असेल तर एकटीला न्यायालयाचे दार बंद होऊ शकते. २०११ च्या एका निकालाने अशा कलमांना बळ दिले आहे.

एक काम मात्र अर्जापेक्षा वेगळे आहे आणि ते तुम्ही याच आठवड्यात करावे असे मला वाटते. पैसे मिळाले म्हणजे माहिती पुसली गेली असे होत नाही. त्या अ‍ॅपच्या खात्यात जाऊन, किंवा त्यांच्या गोपनीयता विभागाला लिहून, आपली सर्व माहिती काढून टाकण्याची मागणी करा आणि त्यांचे उत्तर जपून ठेवा. नुसते अ‍ॅप मोबाइलवरून काढल्याने खाते बंद होत नाही. मात्र मागणी पाठवण्यापूर्वी खाते केव्हा उघडले आणि पैसे केव्हा भरले याचे पुरावे, पावत्यांचे ई-मेल किंवा स्क्रीनशॉट, स्वतःजवळ ठेवा. प्रशासकाने विचारले तर ते लागतील. फेसबुकच्या सेटिंगमध्ये, इतर अ‍ॅप आणि वेबसाइट यांनी तुमच्याविषयी पाठवलेली माहिती पाहण्याची आणि ती खात्यापासून तोडण्याची सोय आहे. ती यादी एकदा उघडून पाहा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसतो, म्हणून दुपारी, शांतपणे, चहा घेऊन बसा, रात्री नको.

राहिला यजमानांचा प्रश्न. त्यांना सांगायचे की नाही, हे कोणत्याही नोटिशीने किंवा सदराने ठरवण्यासारखे नाही. तुम्हाला सांगावेसे वाटेल तेव्हा सांगा. तोवर तुमची अडचण व्यवहाराची आहे आणि तिला व्यवहाराचे उत्तर आहे. स्वतःच्या नावाने वेगळे ई-मेल खाते उघडा. नोटिशीवरचा तुमचा सदस्य क्रमांक उतरवून घ्या, प्रशासकाच्या फोनवर तो सांगून यापुढचा पत्रव्यवहार नव्या पत्त्यावर करायला सांगा, आणि पैसे धनादेशाने न मागवता स्वतःच्या खात्यात ऑनलाइन घेण्याचा पर्याय निवडा, कारण धनादेशाच्या पाकिटावर खटल्याचे किंवा प्रशासकाचे नाव असू शकते. अर्ज पाठवल्यावर पडद्यावर जो पोच क्रमांक येतो त्याचा फोटो काढून ठेवा. अंतिम मंजुरीची सुनावणी त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी असते आणि कोणी अपील केले तर पैसे आणखी लांबतात, तेव्हा लगेच काही आले नाही म्हणून घाबरू नका. तुमच्या हातात १९ दिवस होते. हे उत्तर तुमच्यापर्यंत पोहोचेल तेव्हा साधारण दहा उरलेले असतील, आणि अर्ज भरायला दहा मिनिटे पुरतात.